कॉलरींची चाचणी

४ मार्च
राजीनामा दिला! इंटरव्ह्यूसाठी अर्धा दिवस मागितला तर मालक म्हणाले, लग्नसराईत रजा नाही. मी म्हटलं, मग कायमचीच घेतो. दुकानातली सगळी शिलाई मशीनं थांबली. फार बाणेदार वाटलं. बायकोला उद्या सांगेन, नेमणुकीच्या बातमीबरोबरच.

५ मार्च
युनिफॉर्मची फॅक्टरी. जागा कटिंग मास्टरची, एकच. उमेदवार हॉलभर, पण सगळे साधे शिंपी दिसले. मॅनेजरबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. चेहऱ्यावरूनच ओळखलं असणार. म्हणाल्या, एक कॉलर शिवून दाखवा. दाखवली. म्हणाल्या, सुरेख, आता हा गठ्ठा शिवा, सातत्य बघायचंय. मोठ्या कंपन्यांची पद्धतच वेगळी.

६ मार्च
दुसरा राउंड. पुन्हा कॉलरी. शेजारच्याला नुसत्या बाह्या, पलीकडच्याला काजं. बिचारे! मला कॉलर, म्हणजे शर्टाचा सगळ्यात वरचा भाग. यातच काय ते आलं.
बायकोला राजीनाम्याचं सांगावं लागलं, त्याच दुकानात काम करणाऱ्या मेहुण्याने आधीच सांगितलं होतं. ती चिडली नाही. नुसती विचारत होती, चाचणी घेणारे दोरा घरून आणायला सांगतात का? म्हटलं, तुला कॉर्पोरेट कळायचं नाही.

८ मार्च
उमेदवारांना चहा नाही. कामगारांना आहे. मास्टर झालो की पहिली ऑर्डर: चहा सगळ्यांना.
मॅनेजरबाई म्हणाल्या, हात चालवा, बुधवारी माल जायचाय. मग पटकन म्हणाल्या, म्हणजे निकाल आहे. कामाच्या व्यापात बोलण्यात चूक होते माणसाची. उद्या पगाराचं स्पष्ट विचारणार. भीड ही भिकेची बहीण.

९ मार्च
विचारलं नाही. बाई फोनवर होत्या. पगाराचं आधी विचारलं की माणूस गरजू वाटतो.
घरी बायको म्हणाली, वाणसामान संपत आलंय. वर म्हणाली, ते फुकट राबवून घेताहेत, आणि तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एक 'सुरेख' पुरतं. जेवणावरून उठणार होतो. पण भूक होती.

११ मार्च, सकाळी ९
निकाल. इस्त्रीचा शर्ट. रोज कॉलरी मोजून घेणाऱ्या सुपरवायझरला नमस्कार आधी करायचा नाही, आता तो माझ्या हाताखाली.

११ मार्च, दुपारी
हॉल रिकामा, उमेदवार सगळे आवारात. टेम्पोत तयार शर्टांचे गठ्ठे चढत होते. माझ्या कॉलरी लांबूनही ओळखू आल्या. बाई म्हणाल्या, अभिनंदन, तुम्ही सगळेच पास! जागा निघाली की फोन करू. कधी निघेल विचारलं. म्हणाल्या, पुढची ऑर्डर आली की.
ओरडायचं होतं. बाह्यावाला ओरडला, त्याला वॉचमनने बाहेर काढलं. मी 'थँक यू मॅडम' म्हणालो. सुपरवायझरला नमस्कारही केला. स्वतःची लाज वाटली.

१२ मार्च
जुन्या मालकांकडे गेलो. बायकोनेच पाठवलं. मालक हसले नाहीत, हेच उपकार. म्हणाले, ये, पण नवा माणूस म्हणून. आधी महिनाभर बिनपगारी, हात कसा आहे ते बघू. अकरा वर्षं हाच हात बघत आलेत.
हो म्हणालो. चाचणीचा अनुभव आहे, असंही सांगितलं.