माझ्या माशा, हिल्डाचे ट्राउट

२३ मार्च १९६८, शनिवार, सकाळी

परवापासून ट्राउट मासे धरायचा सिझन. या वर्षी गळाला लावायची एकही नकली माशी दुकानातून आणायची नाही, सगळ्या घरी बांधायच्या. ठरलं म्हणजे ठरलं. ब्रॅडफर्डच्या गिरणीत मी रंगखातं सांभाळलं. वॉर्फ नदीवर उडणाऱ्या ऑलिव्ह माशीची खरी हिरवट छटा या खोऱ्यात माझ्याइतकी कुणाला कळते? बाकीचे लोक गळाला दोरा गुंडाळतात, त्यात पीस खोचतात आणि त्याला माशी म्हणतात. गेल्या वर्षी मला मासे मिळाले नाहीत, पण त्याला पाणी जबाबदार होतं.

आता अडलंय फक्त मानेच्या पिसांवर. शेजारच्या विल्फ मेटकाफच्या कोंबड्याच्या मानेवर नेमका तो मधासारखा रंग आहे. विल्फला विचारलं. म्हणाला, ‘मान त्याची आहे, त्यालाच विचार.’

ठीक. विचारतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी. हॉस्पिटल.

विचारलं. खुराड्याचं छप्पर माझ्या वजनाचं नव्हतं. उजवा पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. डॉक्टर अगदी पोरगेला. कसं झालं म्हणाला. मी म्हटलं, एका प्रयोगात. हिल्डा म्हणाली, कोंबड्यामागे. नवऱ्याची बाजू घ्यायची तिला कधी सवयच नाही.

पिसं मुठीत घट्ट धरली होती. नर्सने मूठ उघडून ती कचऱ्यात टाकली.

२५ मार्च

सिझन सुरू झाला, माझ्याशिवाय. खिडकीपाशी खुर्ची, समोर स्टुलावर पाय. खिडकीतून नदी दिसते ती वळणापर्यंत. पुढे झाडी. सकाळपासून गळाने मासे धरणाऱ्यांचा सगळा अँगलिंग क्लब समोरून गेला. सेक्रेटरी अ‍ॅक्रॉइडने हॅट उचलली आणि हसला. हसण्यासारखं काय होतं?

विचार केल्यावर लक्षात आलं, ही आपत्ती नाहीच, ही संधी आहे. बाकीचे नुसते मासे धरणार. मी माशा बांधणार! दोन महिन्यांत असा संग्रह होईल की क्लब पायाशी येईल. पाय स्टुलावर असल्यामुळे त्यांना सोयीचंच.

२८ मार्च

टेबलाला गळ पकडून ठेवणारा छोटा शिकंजा, व्हाइस, लावला. कांद्याची सालं आणि गंजके खिळे एकत्र उकळून रंग काढला. अप्रतिम ऑलिव्ह. घरातलं दुधाचं पातेलं त्यासाठी उत्तम. हिल्डाला सकाळच्या लापशीला खिळ्याची चव लागली. मला तर काही लागली नाही.

दुपारपर्यंत पहिली माशी पूर्ण. हिल्डाने ती उजेडात धरली आणि विचारलं, ‘ही चिमणी का?’ मी समजावलं की नदीला पाणी जास्त असताना माशी थोडी मोठीच बांधतात. ती म्हणाली, ‘मग पूर येणार असेल.’

२ एप्रिल

विल्फ आला. कालही आला होता. परवाही. समोरच्या खुर्चीत बसतो आणि कोंबड्याविषयी बोलतो. कोंबडा आरवत नाही म्हणे. मन खचलंय त्याचं. मी म्हटलं, मला काम आहे. विल्फ म्हणाला, ‘कर की लेका. मी काय तुझे हात धरलेत? आणि तू तरी कुठे जाणार आहेस?’

हे मात्र खरं. माणूस चालू शकत नसेल तर त्याला कुणाकडेही पाठ फिरवता येत नाही. हे कुणी आधी सांगत नाही.

प्लास्टरच्या आत खाज. हिल्डाची विणायची सुई आत घातली. ती आतच राहिली.

७ एप्रिल

डबा भरला बांधलेल्या माशांनी. पण त्यांची परीक्षा कोण घेणार? विल्फ गांडूळ लावून मासे धरतो. असल्या माणसाच्या हाती मी माझ्या माशा देणार नाही.

मग हिल्डा सुचली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने कधी गळाची काठी हातात धरलेली नाही. म्हणजे वाईट सवयी नाहीत. सकाळभर तिला सिद्धांत सांगितला. ती बटाटे सोलत होती, पण ऐकत असणार. मग अंगणात सराव. खिडकीतून मी सूचना देत होतो. पहिल्याच झटक्यात गळ वाळत घातलेल्या कपड्यांत अडकला आणि माझी लोकरी चड्डी निशाणासारखी हवेत उभी राहिली. विल्फ कुंपणापलीकडून म्हणाला, ‘वा हिल्डा, चांगलं वजनदार सापडलं!’

ती म्हणाली, ‘मी गेले तर तुझं जेवण?’

मी उदारपणे म्हटलं, ‘थंड हॅम चालेल.’

तिने दोन जोड मोजे घालून माझे गमबूट चढवले आणि दार लोटून घेतलं.

८ एप्रिल

विजय! काल चार वाजता हिल्डा आली, पिशवीत दोन ट्राउट. चांगले टपोरे. माझ्या माशीवर! माझ्या आडनावावरून ‘सग्डन ऑलिव्ह’ हे नाव आजपासून पक्कं.

हिल्डा म्हणाली की बाकी सगळ्या माशा झाडांत अडकून तुटल्या. एकच उरली. तीही काटेरी झुडपात फाटली. पंख गेले, पोट सुटलं. नुसता दोरा आणि दोन-चार केस उरले. तीच ट्राउटनी घेतली. मी तिला समजावलं की आधीच्या माशांनी ट्राउटची मानसिक तयारी करून ठेवली होती. ती म्हणाली, ‘असेल.’

लोण्यात तळले. मला लहान दिला.

१९ एप्रिल

हिल्डा रोज जाते. रोज हॅम. रोज विल्फ.

मी आता जास्त बारकाईने बांधतोय. पंखांना शिरा काढल्या. पाय सहा. डोळे काळ्या मेणाचे. विल्फने विचारलं, आता माशीला टोपी घालणार का? दुर्लक्ष केलं. नखं कापायची छोटी कात्री कुठे सापडत नाही. हिल्डाला विचारलं तर म्हणाली, माझ्या पिशवीत आहे, नदीवर लागते. नदीवर नखं कशाला कापायची? बायकांचं काही सांगता येत नाही.

पण ती माझ्या सगळ्या माशा नेते. एकीलाही नाही म्हणत नाही. आज निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘तू बांधत राहा, क्लिफर्ड. तुला बरं वाटतं.’ कौतुक, दुसरं काय.

३ मे

हिल्डाचं नाक उन्हाने सोललंय. गुणगुणत घरात येते. गुणगुणायची सवय तिला कधीपासून लागली?

म्हणाली, वळणाच्या पुढे एक सपाट दगड आहे, त्यावर बसलं की पाण्याचा आवाज खालून येतो. खंड्या येतो तिथे रोज. मला म्हणाली, ‘तू कधी बोलला नाहीस.’ मी म्हटलं, माहीत होतं मला, सांगायचं राहिलं. (मी पुलापाशी मासे धरतो. पुलापासून ‘रेड लायन’ पब जवळ.)

मग विषय निघालाच आहे तर म्हटलं, आता पुन्हा गरम जेवण सुरू करायला हरकत नाही. मासे भरपूर झाले. आजवर आपण दोघं दुपारी गरमच जेवत आलो.

हिल्डा म्हणाली, ‘गरम तू जेवत होतास. मी वाढून टेबलाशी बसेपर्यंत माझं निवलेलं असायचं.’

रागावून नाही म्हणाली. आज तारीख काय असं कुणी विचारावं तसं. आणि गमबूट धुवायला बाहेर गेली.

मी ‘सग्डन ऑलिव्ह’च्या शेपटीत थोडा बदल केला.

११ मे

वाईट दिवस. थोडक्यात लिहितो.

जेवणानंतर कुबडी घसरून पडली आणि कपाटाखाली गेली. हात पोचेना. वाकलो तर खुर्ची कलते. हाक मारली. विल्फ बाजाराला गेलेला. एरवी उठता उठत नाही आणि आजच बाजार! पाऊस आला. खिडकी उघडी, पडदा भिजला, मग टेबल, मग माशा. हिरवा रंग टेबलावरून माझ्या मांडीवर ओघळला. मी बघत बसलो. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच. नदीवरचं वळण दिसत होतं. वळणावरून कुणी येत नव्हतं.

घड्याळाचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. मी गिरणीत असताना हिल्डा दिवसभर याच खोलीत असायची. तिला तो ऐकू येत असेल का, असा एक विचार मनात आला. पण तिला कामं असायची.

हिल्डा संध्याकाळी आली. ओली चिंब. हातात मोठा ट्राउट. एवढा मोठा या नदीत मी पाहिलेला नाही, धरणं तर सोडाच. मी खूप बोललो. माणूस इथे अडकून मेला असता, कुणाला पत्ता लागला नसता, बायको नदीवर मजा मारतेय, असं बरंच. तिने मासा खाली ठेवला, गुडघ्यावर बसून कपाटाखालून कुबडी काढली आणि माझ्या हातात दिली.

म्हणाली, ‘एकच दुपार होती, क्लिफर्ड.’

मग चहा ठेवायला गेली.

याचा अर्थ काय, कळलं नाही. चहात साखर होती. माझी नेहमीची, दोन चमचे.

२४ मे

मोठी बातमी! विल्फ सांगतो की ‘रेड लायन’मध्ये रोज एकच नाव आहे, सग्डन. सग्डनने आज किती धरले, सग्डन कुठली माशी लावतो. आणि अ‍ॅक्रॉइड उद्या आमच्याकडे येणार आहे. उपाध्यक्षपद. नक्की. खालच्या गावच्या क्लबाबरोबरची वार्षिक मॅच जवळ आलीय आणि ती आम्ही दरवर्षी हरतो. शेवटी त्यांना माझी आठवण झालीच. विल्फ हसत होता. कोंबडा आरवायला लागलाय म्हणून असेल.

भाषण तयार केलं. हिल्डाकडून टाय इस्त्री करून घेतला.

२५ मे

अ‍ॅक्रॉइड आला. हॅट मांडीवर घेऊन बसला. माझ्या माशा पाहिल्या. म्हणाला, ‘रंगीत आहेत.’ मी भाषणाला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला तो म्हणाला, ‘सग्डन, मिसेस घरात आहेत का?’

हिल्डा हात पुसत बाहेर आली. अ‍ॅक्रॉइड उभा राहिला. माझ्यासाठी तो कधी उभा राहिलेला नाही. म्हणाला, क्लबात बाईमाणूस नको असं कमिटीत सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो होतो. मग गेल्या आठवड्यात तुम्हाला त्या सपाट दगडावरून मासे धरताना पाहिलं आणि घरी जाऊन बायकोशी बोललो. नियम बदललाय. मॅचला आमच्याकडून याल का?

हिल्डा लाल झाली. इतकी लाल मी तिला आमच्या लग्नात पाहिली होती.

मग त्याने विचारलं, माशी कुठली लावता? तिने पिशवीतून डबी काढली. आत ओळीने माशा. माझ्याच, पण उघड्या! पंख नाहीत, डोळे नाहीत, सहातला एकही पाय नाही. नुसता दोरा आणि गळ्याभोवती चार केस. शेजारी नखं कापायची कात्री.

अ‍ॅक्रॉइड म्हणाला, ‘कोण बांधतं या?’

‘बांधतो क्लिफर्ड,’ हिल्डा म्हणाली. ‘मी सोडवते.’

अ‍ॅक्रॉइड इतका हसला की चहा नाकातून आला. मी हसलो नाही. पाया माझाच आहे, ही गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही. हिल्डा म्हणाली, उघडीच माशी चालते हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला. मला तरी आठवत नाही.

१५ जून

प्लास्टर काढलं. आत विणायची सुई सापडली आणि एक पाय, जो माझा वाटत नाही. काठीसारखा. डॉक्टर म्हणाला, या वर्षी पाण्यात उतरायचं नाही. पोरगेला आहे, त्याला काय कळतं!

प्लॅन असा. मॅचच्या सकाळी सर्वांसमोर गळाची काठी माझ्या हाती घ्यायची. हिल्डाला वाईट वाटेल, पण ती समजूतदार आहे. बदली खेळाडू म्हणून तिने उत्तम काम केलं, असं मी भाषणात म्हणणार आहे.

२२ जून, शनिवार

मॅच.

सकाळी काठावर दोन्ही क्लब जमलेले. मी म्हटलं, हिल्डा, आता मी घेतो. अ‍ॅक्रॉइडचं तोंड उघडंच राहिलं. हिल्डाने काठी माझ्या हातात दिली. तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं.

सर्व पंख आणि पाय असलेली माशी लावली. फेकली. ती पाण्यावर चमच्यासारखी आपटली. समोरचे मासे गेले. बदकंही गेली. दुसऱ्यांदा फेकताना पाय दुमडला आणि मी काठावर बसलो. मग उठता येईना. कुणी हसलं नाही. तेही वाईटच.

हिल्डा येऊन शेजारी बसली. म्हणाली, ‘चल, वर जाऊ. जाळी धरायला कुणीतरी लागतंच.’

हळूहळू गेलो, तिच्या खांद्यावर हात ठेवून. वळणाच्या पलीकडे नदी एकदम शांत होते. ती दगडावर उभी राहिली आणि दोरी अशी सोडली की पाण्याला कळलंही नाही. मी काही सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, ‘जाळी खाली. अजून खाली. आणि जरा गप्प.’

गप्प बसलो. दुपारभर. ती एकेक मासा आणत होती, मी जाळीत घेत होतो. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. तिचा चेहरा मी इतका वेळ सलग पाहिला नव्हता. ती पाण्याकडे बघत होती, त्यामुळे मला बघता आलं.

शेवटचा मासा मोठा होता. जाळीत आलाही होता. वर उचलताना दांडा माझ्या हातातून सुटला. मासा एक क्षण तिथेच थांबला आणि गेला.

मॅच हरलो. एका माशाने.

अ‍ॅक्रॉइडने विचारलं, शेवटचा तो मोठा कसा काय गेला? हिल्डा म्हणाली, गळातून सुटला, माझीच चूक, घाई केली.

अ‍ॅक्रॉइडने माझ्याकडे पाहिलं. मी जाळी धुवायला घेतली.