तिला कोणी दाखवलं नाही

३ ऑगस्ट, रविवार
प्रज्ञाने आज पुन्हा ताटात अर्धं टाकलं. आईने ताट उचललं. आमचं बाळ जाऊन तिसरा महिना लागला. आठव्या महिन्यात पोटातच गेली. मुलगी होती. घरात तो विषय कोणी काढत नाही. प्र. शाळेत जाते, शिकवते, परत येते, भिंतीकडे तोंड करून पडते. शाळेतल्या एका बाईंनी कल्याण नाक्याजवळच्या समुपदेशक मॅडमचा नंबर दिलाय. म्हटलं, जाऊन ये. समुपदेशन म्हणजे शेवटी उपदेशच असणार. तो सगळ्यांनी देऊन झालाय.

९ ऑगस्ट, शनिवार
प्र. मॅडमकडे एकटीच आत गेली. मी खाली मेडिकलच्या पायरीवर. उतरून आली तेव्हा डोळे सुजलेले.
"काय म्हणाल्या?"
"काही नाही. रडू दिलं."
एवढंच. घरी तिला कोणी रडू देत नाही हे खरं. रडायला लागली की आई पाण्याचा तांब्या आणते, मी टीव्ही लावतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार
गोदामात दिवाळीच्या सेलचा माल यायला लागला. ओव्हरटाइम घेतोय. बरं वाटतं, डोक्यात दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. फोर्कलिफ्टवाले इम्रानभाई, "महेंद्रभाई, घर में सब खैरियत?" म्हटलं, सब ठीक. ते बघत राहिले. त्यांना माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे.

३० ऑगस्ट, शनिवार
आज मलाही आत बोलावलं. मॅडमचं म्हणणं, एकटीशी काही दिवस बोलून झालं, आता जोडीने या, पुढे गरज वाटली तर घरातल्या सगळ्यांनी मिळून बसू. मी म्हणालो, मला काही झालेलं नाही, हिला बरं करा.
"बाळ तुमचंही होतं ना?"
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो.

६ सप्टेंबर, शनिवार
आजचं जमेल तसं लिहितो.
मॅडमनी दोघांना त्या दिवसाबद्दल सांगायला सांगितलं. आधी प्र. बोलली. शुद्धीवर आली तर पोट रिकामं, सगळे पायाशी उभे. "कुठंय म्हणून विचारलं तर म्हणाले, आता कशाला. मला कोणी दाखवलंच नाही."
मग माझी पाळी. मी आपला झालं ते सांगत गेलो. नर्सने फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिली. मामा बरोबर होते. खाडीकडच्या स्मशानात लहान मुलांना पुरतात तिथे नेली. मातीही मीच लोटली.
प्र. माझ्याकडे वळून बघत होती.
"तुम्ही घेतलं होतं तिला?"
"हो."
"हातात?"
"हो."
"केस होते?"
होते. भरपूर, काळे, ओले. उजव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली, थेट हिच्यासारखी. सांगितलं. इतके महिने ना हिने विचारलं, ना मी बोललो. मला वाटायचं, ऐकून अजून खचेल.
प्र. स्वतःचा कान धरून बसली. मग म्हणाली, "आठ महिने ती माझ्याजवळ होती. आणि बघितली तुम्ही."


७ सप्टेंबर, रविवार
प्र. खारबावला, माहेरी गेली. भाऊ न्यायला आला होता. भांडण नाही काही. झालं असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं.

१३ सप्टेंबर, शनिवार
आई रोज तेच विचारते. "कवा येनार हाय ती?" माहीत नाही म्हणतो. "त्या मॅडमकडं गेलात तवापासून बिघडलंय." मलाही आतून तसंच वाटतंय. जखम बरी झाली नव्हती, पण झाकलेली तरी होती.
संध्याकाळी मॅडमचा फोन. पुढच्या वेळी आईंनाही आणा. प्रज्ञा यायला तयार आहे.

२० सप्टेंबर, शनिवार
आई खुर्चीच्या कडेवर बसली होती, परक्या घरी बसावं तशी. प्र. खारबावहून थेट आली. सुकलीय.
मॅडमनी विचारलं, बाळ दाखवायचं नाही हे कोणाचं म्हणणं होतं? मी मान खाली घातली. आईच बोलली.
"मीच बोल्ले. नर्सला पन मीच सांगितलं."
का, म्हणून कोणी विचारलं नाही. पदर मुठीत धरून आईच पुढे बोलत गेली.
"ह्याच्या आधी एक पोर झालता मला. जल्मला तोच मेलेला. सुइनीनं आनून मांडीवर ठेवला. अजून दिसतो. भाकर थापताना दिसतो, भांडी घासताना दिसतो. म्हातारी झाले, पन तो तेवढाच हाय. हिला तसं नको व्हायला, म्हनून."
मला मोठा भाऊ होता. आज कळलं.
मग प्र. हळू म्हणाली, "आई, तुम्हाला दिसतो तरी. मी डोळे मिटले की काहीच नसतं."
आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं आता कोणीतरी समजूत घालेल. मॅडमनीही घातली नाही. बाहेर पडताना आई तिला म्हणाली, "बाय, घरी चल." प्र. ने तिचा हात धरला. पण गेली खारबावलाच.

२ ऑक्टोबर, गुरुवार
आईबरोबर बुद्ध विहारात जाऊन आलो. परतताना विचारलं, त्याचं नाव काय ठेवलं होतं?
"मेल्या पोराला नाव कोन ठेवतं?"
थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "मी मनात बाळू बोलायचे."

४ ऑक्टोबर, शनिवार
आज मॅडमकडे मी एकटा. त्यांनीच सुचवलं होतं. बराच वेळ गोदामाबद्दलच बोललो. मग त्यांनी विचारलं, हातात घेतली तेव्हा कसं वाटलं? दिवसभर मालाची वजनं बघणारा माणूस मी, ती जड होती की हलकी तेही सांगता येईना. मग रडलो. उपदेश काही केला नाही त्यांनी. खाली आल्यावर कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून मागच्या गल्लीने घरी.

१२ ऑक्टोबर, रविवार
सकाळी प्र. चा फोन. "मला तिथे घेऊन चला."
स्टेशनवर भेटलो, तिथून रिक्षाने खाडीकडे. पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत माजलंय. मी एक दगड ठेवला होता, तो नाही. माती वाहून सगळी जागा सपाट झालेली. मी गवत बाजूला करत फिरत राहिलो, ती मागे उभी.
"इथे का?"
हो म्हणता आलं असतं. तिला काय कळणार होतं? कुठलीही जागा चालली असती.
म्हणालो, "या भिंतीपासून त्या बाभळीपर्यंत कुठेतरी. नक्की सांगता येत नाही गं."
वाटलं, आता ओरडेल. ती खाली बसली. ओल्या मातीवर तळवा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग थोडी सरकून पुन्हा टेकवला. पुन्हा सरकली. भिंतीकडून बाभळीकडे अशी जात राहिली. मी बाभळीकडून सुरुवात केली. मधे कुठेतरी समोरासमोर आलो.
परत स्टेशनवर आलो. गाडीला वेळ होता.
"शनिवारी मॅडमकडे?"
"येईन."
"आणि तिथून घरी?"
नखांतली माती तशीच होती तिच्या. "ते आत्ता नका विचारू," म्हणाली, आणि बाकावर माझ्या शेजारी बसली.