सुईला भिणारा वेल्डर

सूनबाई,

रात्रपाळीहून येशील तेव्हा घरात कोणी दिसणार नाही. आम्ही मायलेक रक्त तपासायला गेलोय. त्याला सांगितलंय की माझी शुगर बघायची आहे आणि मला एकटीला चक्कर येते. तिथे गेल्यावर खुर्चीत त्यालाच बसवणार आहे. दिवसभर ठिणग्यांत उभा राहणारा वेल्डर, पण सुई दिसली की हा दाराकडे पळतो! लहानपणी लस टोचायलाही मी त्याला असंच फसवून न्यायचे.

तुझ्या रक्तात थॅलेसेमिया मायनर निघाल्यापासून तू तोंड पाडून बसली आहेस. अगं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? एकट्या तुझ्यात असून काही बिघडत नाही. दोघांतही निघालं तरच बाळाला धोका. मग अर्ध्या तपासणीवर पूर्ण रडून कशाला घ्यायचं? आणि निघालंच त्याच्यातही, तर तिघं मिळून पुन्हा त्यांच्याकडे जाऊ. त्यावरही वाटा आहेत, असं त्याच म्हणाल्यात.

जेवण झाकून ठेवलंय. मीठ जरा जास्त पडलंय, मुकाट्याने खा आणि झोप.

आणि हो, पलंगाखाली भरून ठेवलेली तुझी बॅग शोधत बसू नकोस. ती मी माळ्यावर टाकली आहे आणि शिडी शेजारणीला देऊन टाकली आहे. कपडे परत तुझ्या कपाटात लावलेत. घड्या तुझ्यासारख्या जमल्या नाहीत, तेवढं चालवून घे.

तुझी सासू