हिरालालच्या जागी माझं नाव

भंडारा,
६ सप्टेंबर २०२५

आदरणीय बाबा,
सविनय जय भीम.

पत्र फोडलंत म्हणजे अर्धं काम झालं. हे घेऊन आलेला हिरालाल माझ्याच वर्गात आहे. दर रविवारी सेमिनरी आम्हा पाळक होऊ पाहणाऱ्यांना एकेका गावी चर्चच्या उपासनेच्या मदतीला पाठवते, त्याच्याकडे सध्या पवनी आहे. मी त्याला सांगून ठेवलंय, बाबांनी पत्र परत केलं तर ओट्यावर ठेव आणि पळ. त्याला चहा द्या. साखर जरा जास्त घाला, नाहीतर तो पितच नाही.

मी बरी आहे. इथलं जेवण ठीक आहे, भाजीत मीठ कमी असतं एवढंच. तुमचा गुडघा कसा आहे? धानाला पाणी मिळालं का, की यंदाही कालवा आपल्या बांधापर्यंत येऊन थांबला?

काल शिक्षक दिन होता. इथे त्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून एका शिक्षकाबद्दल बोलायचं असतं. मी उजागरे सरांबद्दल बोलले. सर नगरकडचे आहेत, आवाज मोठा, चप्पल कायम तुटकी. ते आम्हाला माणसांच्या सुखदुःखात कसं उभं राहायचं ते शिकवतात. आजाऱ्याकडे गेलं तर कुठे बसायचं, मयतीच्या घरी काय बोलायचं नाही, असलं सगळं. तुम्हाला हसू येईल, पण यावर परीक्षा असते. पहिल्याच तासाला सर म्हणाले होते, "माणूस गेला की दोन तासांत त्याचं नाव जातं. लोक 'बॉडी' म्हणायला लागतात. तुम्ही नाव घ्यायचं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट." ते ऐकून मला तुम्ही आठवला होतात.

आता धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आपल्या शाळेत तुम्ही हजेरी घेत होतात, ते आठवतं? बाकी गुरुजी नुसता नंबर पुकारायचे. तुम्ही सगळ्यांचं पूर्ण नाव घ्यायचात. माझंही तसंच, मान वर न करता, नाहीतर लोक म्हणतील गुरुजी पोरीचे लाड करतात. "दामिनी परसराम गोंडाणे." मी "हजर" म्हणायची आणि घरी आल्यावर आईला सांगायची, बाबा शाळेत मला ओळखतच नाहीत. आई हसायची.

काल मी बोलले त्यात हे नव्हतं. तुमचं नाव ओठांवर आलं आणि मी गिळलं.

सर आमच्याकडून मयतीचा सराव करून घेतात. दोन बाकं जोडायची, एकाने त्यावर पांढरी चादर ओढून पडायचं, चारपाच जणांनी घरचे व्हायचं आणि एकाने पाळक होऊन सगळा विधी चालवायचा. मागच्या महिन्यात माझी पाळी आली. मेलेला हिरालाल होता. त्याला असं काम फार आवडतं, झोपायला मिळतं म्हणून. मी पुढे उभी राहिले. सगळं पाठ होतं. नाव घ्यायची जागा आली आणि मी म्हणाले, "आपली बहीण दामिनी परसराम गोंडाणे हिला आज आपण निरोप देत आहोत."

वर्ग हसून लोटपोट. हिरालाल चादरीतून उठून बसला, "मले जाऊ द्या सर, मी नाही मेलो, हे मेली!"

सर हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि तास तिथेच संपवला.

७ सप्टेंबर, पहाटे

काल इथवर लिहिलं आणि पुढे हात चालेना. हिरालाल आठच्या गाडीने निघेल, त्याआधी संपवायला हवं. वर 'मी बरी आहे' लिहिलंय ते सवयीने लिहिलं. खोडत नाही, पण खरं मानू नका.

बाबा, मला गाठ आहे. डाव्या बाजूला, आईला होती तिथेच. बोराएवढी. जूनमध्ये आंघोळ करताना हाताला लागली आणि मी लगेच हात काढला, जणू हात काढला की ती राहणार नाही. मग कुणाला सांगितलं नाही. आईने जे केलं तेच मी केलं. आईवर किती रागावले होते मी, पदराखाली लपवून ठेवलं म्हणून! आता कळतं, लाज वगैरे नंतरची, आधी भीती असते. सांगितलं की ते खरं होतं.

मयतीच्या सरावाच्या त्या दिवशी संध्याकाळी उषा मॅडम मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि माझ्यापुढे तांदळाचं सूप ठेवलं, निवड म्हणाल्या. स्वतः समोर बसून खडे काढू लागल्या. सूप निम्मं झालं तेव्हा म्हणाल्या, "कुठं हाय दुखणं?" उजागरे सरांनीच त्यांना सांगितलं होतं. सर म्हणाले होते म्हणे, मुलगी स्वतःचं नाव चुकून घेत नाही.

उषा मॅडमना तुम्ही ओळखता. आई भंडाऱ्याच्या दवाखान्यात होती तेव्हा दर गुरुवारी एक ठेंगणी बाई यायची, आईच्या पायांना खोबरेल लावून द्यायची. तुम्ही त्यांना आया समजून सलाइन बदलायला सांगितलं होतं आणि त्या जाऊन खरंच नर्सला घेऊन आल्या होत्या. त्या इथे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवतात. त्या दिवसांत त्यांनी आईपुढे देवाचं नावसुद्धा काढलं नाही. मीच त्यांच्या मागे लागले, की मरणाऱ्याजवळ असं न घाबरता बसायला कुठे शिकवतात? बाबा, मला कुणी फूस लावली नाही. मी तेवढंच शिकायला आले होते, बाकीचं नंतर झालं. तुम्ही म्हणालात, "एवढ्या मुश्किलीनं देव सोडले आपल्या लोकायनं, अन् तू नवा कायले घेऊन राहिली?" पण आईचे पाय मी पाहिले होते.

आणि गंमत बघा, जे शिकायला आले तेच जमलं नाही. मला फार भीती वाटते. वर्गात ती बाकं दिसली की मी लांबून वळसा घालून जागेवर जाते. जेवताना हात आपोआप तिकडे जातो, मोठी झाली का बघायला. मैत्रिणी प्रार्थनेत माझं नाव घेतात तेव्हा थांबा म्हणावंसं वाटतं. मॅडमना म्हटलं, माझा विश्वास कच्चा आहे, म्हणून असं होतं. त्या म्हणाल्या, "भेव वाटते त वाटू दे. शास्त्रातले अर्धे लोक भ्यालेलेच हायेत. मले नाही वाटत का? मी तर आजवर एकदाही न भेता दवाखान्यात पाय नाही ठेवला." म्हणजे आईजवळ बसायच्या तेव्हाही त्या भ्यायलेल्या होत्या, बाबा. आणि तरी दर गुरुवारी येत होत्या.

त्या मला नागपूरला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी सुई घालून नमुना तपासणीला घेतला. रिपोर्ट येत्या गुरुवारी, अकरा तारखेला मिळेल. डॉक्टर म्हणाले, येताना घरचं माणूस आणा. मी म्हटलं, घरी कोणी नाही.

बाहेर आल्यावर मॅडम माझ्यावर पहिल्यांदाच चिडल्या. "जित्या माणसाले मारून टाकलं तू. उजागरे सरांनं हेच शिकवलं का?" भंडाऱ्याला उतरल्यावर म्हणाल्या, "तुह्या बाबाले लिही. नाही आले त मी हावोच. पण लिही."

म्हणून हे लिहिते आहे.

हे वाचून तुमच्यावर काय गुदरेल ते मला कळतं. एकदा हे सगळं तुम्ही पाहिलेलं आहे. आई गेल्यावर तिच्या जलदानविधीला तुम्हाला दोन शब्द बोला म्हणाले आणि तुम्ही, जन्मभर वर्गापुढे उभे राहिलेले, तिचं नावसुद्धा उच्चारू शकला नाहीत. नुसते माईक धरून उभे होतात. मला तेव्हा वाटलं होतं, बाबांना तिचं काही नाही. किती मूर्ख होते मी. आणि मी इथे आल्यापासून तुम्ही माझंही नाव घेत नाही. मावशी सांगत होती, घरात मला 'भंडाऱ्याची' म्हणता. राग आहे, ते मला मान्य आहे. पण आता मला वाटायला लागलंय की त्यात थोडं भेवही असेल. ज्याचं नाव घेतलं ते जातं, असं.

बाबा, गुरुवारी या. पवनीहून पहिली गाडी पकडली तर आपल्याला नागपूर वेळेवर गाठता येईल. मी भंडाऱ्याच्या स्टँडवर, चौकशीच्या खिडकीजवळ उभी असेन. रिपोर्ट चांगला आला तर तुम्ही तिथूनच परत जा, रागही सोबत घेऊन जा. वाईट आला तर मात्र जाऊ नका. मला समजावू नका, धीर देऊ नका, धर्मावर तर मुळीच बोलू नका. गाडीतून उतरलात की फक्त एक करा. शाळेत घेत होतात तसं, मान वर नाही केली तरी चालेल, माझं पूर्ण नाव घ्या. त्या बाकावर खरंच झोपायची वेळ येण्याआधी, मी ओ देऊ शकते तोवर.

तुमच्या चौथीच्या वर्गातली,
हजर,

दामिनी परसराम गोंडाणे