संध्याकाळची सूज

दि. १४ नोव्हेंबर

चि. ठमीस दादाचे आशीर्वाद.

मी बरा आहे, तूही बरी असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. अकरा वर्षांत एक ओळ नाही आणि आज हा कसा काय उगवला, असं म्हणशील. म्हण. जूनमध्ये कारखान्यातून निवृत्त झालो. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. आई गेल्यापासून घरात बोलणारा मीच आणि ऐकणाराही मीच, त्यात आता ती टिकटिक.

तुझ्या खोलीची खिडकी दुरुस्त करून घेतली. आता नीट लागते.

गोठ्यात एकच गाय उरली आहे, आपल्या भुरीची नात. भुरीसारखीच हट्टी. गेल्या महिन्यापासून दूध आटलं, शेण पातळ, हाडं दिसायला लागली. खुराक वाढवला तरी ढिम्म! शेवटी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तुझ्याच वयाच्या आहेत, तशाच तडतड्या. त्यांनी आधी गाईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून आतून बघितली. लाल हवी, ती पांढरीफटक. मग विचारलं, "काका, हिच्या जबड्याखाली सूज येते का हो?"

मी म्हटलं, "सकाळी धार काढतो तेव्हा तर नसते."

"सकाळी नसणारच. दिवसभर मान खाली घालून चरते, तेव्हा पाणी साठतं तिथे. रात्री ओसरतं. मी संध्याकाळचं विचारतेय."

ठमे, मी बाईंना तेच पुन्हा म्हणायला लावलं. बाईंना वाटलं, मला ऐकू कमी येतं.

शेण तपासलं, त्यात चपट्या कृमींची अंडी निघाली. हे कृमी यकृतात घर करतात आणि जनावराचं रक्त कमी होत जातं. पाण्यातल्या गोगलगायींमधून ते गवतावर येतात. "तळ्याकाठी चारता का?" बाईंनी विचारलं. चारतो. तळ्याकाठचं हिरवंगार गवत सोडून गुरं माळावर कशाला नेतेस, म्हणून तुझ्यावर कोण खेकसायचं, ते तुला सांगायला नको.

भुरीच्या वेळी तू हेच सांगत होतीस. "दादा, संध्याकाळी तिचा जबडा सुजतो रे." मी पहाटे धार काढायचो, दुपारी दुसऱ्या पाळीला जायचो, परत यायचो तोवर गुरं बसलेली असायची. मला सूज कधी दिसलीच नाही. म्हणून तुला सगळ्यांदेखत खोटारडी म्हटलं. आणि ती मेल्यावर, मैत्रिणींशी गप्पा छाटत बसलीस आणि गाय उपाशी मारलीस, असंही म्हटलं. त्याच आठवड्यात तू ट्रंक उचललीस.

इथवर लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. कारण वरचं एक वाक्य खोटं आहे. सूज मला दिसली होती.

भुरी जायच्या चार दिवस आधी कारखान्याला सुट्टी होती. तू गुरं घेऊन आलीस तेव्हा मी दारातच उभा होतो. तिच्या जबड्याखाली मुठीएवढा फुगा लोंबत होता. तू आधी तिच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मी आत निघून गेलो. आदल्याच दिवशी तुला खोटारडी म्हटलं होतं ना! थोरल्याने शब्द मागे कसा घ्यायचा? तेव्हाच डॉक्टर आणला असता तर कदाचित वाचली असती. मी बघितलं हे तुला माहीत होतं, तरी तू आईला सांगितलं नाहीस. आई शेवटपर्यंत तुलाच दोष देत गेली. मी देऊ दिला. लाज वाटते गं.

काल गाईला औषध पाजलं. एकाने तोंड वर धरायचं, दुसऱ्याने हळूहळू ओतायचं, घाई केली तर श्वासनळीत जातं. बाईंनी विचारलं, "घरात कोणी आहे ना धरायला?" मी म्हटलं, "आहे की." मग खांबाला बांधून एकट्यानेच पाजलं. थोडं सदऱ्यावर सांडलं, पण बाकीचं गेलं पोटात. आज तिने वैरणीला तोंड लावलं. तळ्याकाठी नेणं बंद केलंय.

दुसरा डोस जानेवारीत आहे. धरायला ये म्हणायला मला तोंड नाही. पण आलीस, तर संध्याकाळची ये. गुरं परतायच्या वेळी मी दारात उभा असेन. या वेळी आत जाणार नाही.

तू खरं बोलत होतीस, हे तेव्हापासून माहीत असलेला,
दादा