कॅलेंडरवरचा ‘फ’

९ जून
आईचा स्कॅन चांगला. फुप्फुसातली गाठ आकसली. रोज एक गोळी, बास. डॉ. म्हणाले, पेशींचा वाढायचा स्विच चालूच अडकलाय, गोळी तो दाबून धरते. पण कधीतरी पेशी दुसरी वाट काढतील, तेव्हा बघू. देवपूरच्या घरी वडिलांनी, म्हणजे नानांनी, विचारलं, दुसरी वाट म्हणजे? मी वर्गात सांगते तसं सांगितलं, बोंडअळी फवारणीला सरावते ना, तसं. नानांनी आयुष्यभर कीटकनाशकांचं दुकान चालवलं, चटकन समजलं. माझं मलाच कौतुक. संध्याकाळच्या बसने पिंप्राळ्याला, शाळेच्या गावी परत.

३ ऑगस्ट, रवि.
फोनवर आईचा आवाज खणखणीत. तोंडावरचं पुरळ गेलं म्हणे. जेवतेसुद्धा. पुरळ गोळीमुळेच येतं, राहीलच, असं डॉ. बोलले होते... जाऊ दे. बरी आहे ना.

१२ सप्टें.
गाठ वाढली. खोकला परत.
डॉ.: “गोळी रोज घेताय ना?”
नाना: “एकदम नेमानं.”
रक्त तपासणीला पाठवलं. पेशीत नवा काही बदल झालाय का, ते कळेल. दोन आठवडे.

१४ सप्टें., रवि.
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ‘फ’. एक दिवसआड. जूनपासून.
“नाना, हे काय?”
“फवारणी.”
मला आधी हसू आलं. मग कळलं, फवारणी म्हणजे आईची गोळी. एक दिवसआड.
“तूच सांगं व्हतं ना? एकच औषध रोज मारं का अळी सरावी जास. मी दुकान उगंच नही चालाडं.”
ओरडले मी. खूप. नाना खाली बघत राहिले. आता त्यांचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. सांगणारी मीच. आपलेच दात, आपलेच ओठ.

१५ सप्टें.
रजा टाकून थांबले. आईच्या केसांना तेल लावत होते. ती हळूच म्हणाली, “तुना नानाले बोलू नको. सुट्टीना दिन भाकर गोड लागे.”
म्हणजे तिलाही माहीत होतं! रागावू कोणावर?

१९ सप्टें.
डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं. अर्धवट डोसामुळेच झालं का? ते म्हणाले, तसं करायला नको होतं. पण रोज दिली तरी पेशी कधी ना कधी सरावतातच. यांचं कशामुळे, सांगता येणार नाही. वर म्हणाले, औषधात खंड ठेवायचा विचार काही संशोधकही करतात, पण तपासण्या करत, असा घरच्या घरी नाही.
म्हणजे नाना चूक, की थोडे बरोबर? काहीच कळत नाही. वर्गात आज ‘पेशी’ शिकवायचं होतं. त्याऐवजी प्रयोगवह्या तपासायला घेतल्या.

२८ सप्टें., रवि.
रिपोर्ट उद्या. गोळी आता रोज. नाना सकाळीच विचारतात, “आज फ?”
आज गोळी हातात धरून बसले होते. “बेटा, मी एक दिनआड गोळी दिधी म्हनून गाठ सरावनी का?”
म्हटलं, “नाही नाना. रोज दिली तरी सरावतातच.”
“मंग रोज कसाले देवानी?”
मी बीएस्सी, बीएड.
आईने त्यांच्या हातातली गोळी घेतली, पाण्याबरोबर गिळली. आजच्या चौकोनात ‘फ’ मी लिहिला.