खळ भरलेली चाके आणि चौथा रविवार

भवानी पेठ, सोलापूर
सोमवार, ता. २३ एप्रिल १९३४

राजमान्य राजेश्री रावजीअण्णा यांस हिंदुरावाचा आदरपूर्वक नमस्कार.

आपली प्रकृती, मातोश्रींचे गुडघे आणि नुकतीच व्यालेली म्हैस ही तिन्ही ठीक असावीत, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. (स्वयंपाक मी स्वतः करतो, हे ध्यानात धरून ‘उत्तम’ हा शब्द वाचावा.) चि. सोनीस अनेक आशीर्वाद. तिचा पुढला दात पडल्याचे मला मागल्या रविवारी समजले; पडण्यापूर्वी समजले असते तर बरे वाटले असते.

काल मी मैंदर्गीस जेवणवेळेला पोहोचलो नाही, ह्याचा खुलासा करणे अवश्य आहे, कारण तो चौथा रविवार होता. कार्तिकात आपली भगिनी राजाबाई वारली आणि मातोश्री सोनीला आपल्याकडे घेऊन गेल्या, ते योग्यच झाले. फाल्गुनात मी मुलीला परत मागितले, तेव्हा आपल्या ओसरीवर त्यांनी घातलेली अट आपणांस आठवत असेल: “पोरीचा बाप हाय का पाव्हणा, ते बघू द्या. चार ऐतवार ओळीनं जेवायच्या येळंला दारात दिसा, मग न्या की पोरीला.” अट न्याय्य होती. जो मनुष्य स्वतःच्या लग्नास दोन घटका उशिरा पोहोचला, त्याच्याकडून ह्याहून सौम्य जामीन कोण मागेल? (राजाबाई त्या उशिरावरून बारा वर्षे हसत असे. मी दर वेळी मोटारीच्या चाकाचे कारण सांगत असे, आणि दर वेळी ती ते प्रथमच ऐकल्यासारखे ऐकत असे.)

सर्व्हिस मोटार उतारूंनी भरल्यावाचून हलत नाही, आणि भरल्यावर हलेलच असेही नाही. म्हणून मी एक जुनी मोटारसायकल घेतली. परंतु सोलापूर ते मैंदर्गी हा तीस मैलांचा रस्ता बाभळींच्या ताब्यात आहे. पहिल्याच खेपेस तीन काटे लागले, तीन ठिगळे लावली आणि मी दिवेलागणीस दारात उभा राहिलो. मातोश्रींनी पाणी दिले आणि तो रविवार धरला नाही.

अशा स्थितीत मुंबईच्या एका दुकानाच्या यादीत मी एका विलायती रसाची माहिती वाचली. तो ट्यूबमध्ये ओतावा. काटा शिरला की चाकाच्या गतीने रस भोकाकडे धावतो, तेथेच घट्ट होतो आणि भोक आपोआप बुजते. रस यावयास सहा आठवडे लागणार होते. सहा आठवड्यांत सोनीचे किती दात पडतील, ह्याचा अंदाज करून मी दुसरा उपाय शोधू लागलो. आमच्या शेजारच्या सिद्धम्मा विणकर आहेत. रोज सकाळी गल्लीत ताणा पसरून त्या सुताला ज्वारीच्या पिठाची खळ लावतात. ती वाळली की सूत तारेसारखे ताठ होते. पातळ असता धावते, वाळली की घट्ट होते: माझ्या बुद्धीने दोन्ही लक्षणे जुळवली. मास्तर आता चाके विणणार काय, अशी चौकशी करून सिद्धम्मांनी मला तांब्याभर खळ दिली आणि आजची खळ आजच संपवावी, असे बजावले. मी ती त्यांच्या धंद्यातील शिस्त समजलो. पदार्थाचा स्वभाव समजलो नाही.

खळ दोन्ही ट्यूबांत ओतली आणि तीन रविवार उत्कृष्ट गेले. एकदा काटा लागला, मी तो उपटला, भोकातून पांढरा थेंब आला आणि तेथेच वाळला. त्या थेंबाकडे मी किती वेळ पाहत बसलो, हे सांगण्यासारखे नाही. पुढे पुढे चाकांत हवाही भरावी लागेना. ती आतल्या आतच वाढू लागली, आणि हाही मी खळीचा गुणच धरला. काल मात्र वैशाखाच्या उन्हात, अक्कलकोट मागे टाकल्यावर, तीन आठवडे आंबलेली ती खळ मागल्या चाकासह फुटली आणि पाठीपासून टोपीपर्यंत माझ्यावर आली. पाव घटकेत ती वाळली. माझा कोट इतका ताठ झाला की मला खाली वाकता येईना आणि धोतर पायांशी बोलेना. आपल्या गावच्या म्हाळसाबाई शेळ्या घेऊन तेथेच होत्या. त्यांनी मला चोहोबाजूंनी पाहून घेतले. “मास्तर, खळ तर झ्याक लागलीया,” त्या म्हणाल्या, “आता मागावर चडा की.” दरम्यान त्यांची एक शेळी माझ्या कोटाचे टोक चाखत होती, आणि वाकता येत नसल्यामुळे मी तिला मना करू शकलो नाही.

सबब, कालचा रविवार पाळलाही नाही आणि चुकलाही नाही असा मानून मोजणी तीनवरच ठेवावी, अशी रदबदली आपण मातोश्रींकडे करावी, ही विनंती.

आपला नम्र,
हिंदुराव

ता. क. चाके धुऊन घेतली. गल्लीला अजून आंबट वास येतो. विलायती रस मागवलेला नाही.

दुसरा ता. क. चाक फुटले तेथून आपली वेस अर्ध्या मैलावर होती, हे वर लिहावयाचे राहिले. (राहिले नाही, लिहिले नाही. परंतु म्हाळसाबाई सांगतीलच.) गाडी त्यांच्या भरवशावर ठेवून मी चालत आलो. आपल्या समोरच्या भिंतीआड उभा होतो. मातोश्री ओसरीवर सोनीची वेणी घालत होत्या, ती मान हलवून बोलत होती, त्या तिला चापट मारून सरळ बसवत होत्या. मग आतून पाने वाढल्याची हाक आली. अण्णा, मी वेळेवर होतो. दहा पावले पुढे टाकली असती तर आज सोनी येथे असती. आणि सकाळी तिचे केस कोणी विंचरले असते? राजाबाई हे रोज करीत असे. मी त्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत असे. एकदाही मान वर करून पाहिले नाही.

गेले पंधरा दिवस मी सिद्धम्मांच्या सुताच्या लडीवर वेणी घालण्याचा सराव करीत आहे. त्या म्हणतात, गाठी चांगल्या येतात.

तरी मातोश्रींस विचारावे, मी शनिवारच्या सर्व्हिस मोटारीने मुक्कामास आलो तर चालेल काय? त्या हो म्हणाल्या, तर रविवारी सकाळी सोनीची वेणी त्यांनी घालू नये. मी घालीन. त्यांनी शेजारी बसावे.